कापडाचे छत

काल ओहायोतील ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतील शर्यतीच्या धावपट्टीवर, एका तरुणाची जुनी मस्टँग कन्व्हर्टिबल (उघडता येणाऱ्या कापडी छताची गाडी) पहिल्याच फेरीनंतर थांबवण्यात आली, कारण तिने पाव मैल 13.2 सेकंदांत कापला होता आणि तिला रोल बार (गाडी उलटल्यास डोके वाचवणारी पोलादी कमान) नव्हता.

एनएचआरए या अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत अशा जुन्या गाड्यांना पक्के छत असेल, तर रोल बार 11.49 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेतल्यासच लागतो. कन्व्हर्टिबलला मात्र 13.49 किंवा त्याहून कमी वेळालाच. तपासनीस त्याला शांतपणे म्हणाले, "गाडी उलटली, तर तुझ्या डोक्यावर फक्त कापड आहे."

ते वाक्य मनातून जात नाही. छत काढल्याने सांगाडा लवचीक होतो, तो सावरण्यासाठी खाली जास्तीचे पोलाद जोडावे लागते आणि गाडी उलट जड होते. तरीही ती आपल्याला हलकी, वेगवान वाटते (आणि दिसते खरोखरच देखणी). रोल बारमुळे तिचे रूप बिघडेल, एवढीच त्या मुलाची तक्रार होती. त्याला हे आधी कोणी आपुलकीने का समजावले नसेल?