हरवलं कोण?

आमचं काम असं: संगणकाला मराठी वाक्याची घडण कळावी म्हणून वाक्यांची 'झाडं' हाताने काढायची. स्क्रीनवर शब्द एका ओळीत येतात. प्रत्येक शब्दापासून एक बाण ओढायचा, तो ज्याच्या आधाराने उभा आहे त्या शब्दाकडे. तो आधार म्हणजे त्याचा हेड. एका शब्दाला एकच हेड, दोन चालत नाहीत. क्रियापद बहुतेक वेळा रूट असतं, त्याला कोणाचाच आधार लागत नाही. झाड उलटं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली. सुरुवातीला मान वाकडी करून बघावं लागायचं.

एकच वाक्य दोघांकडे वेगवेगळं जातं. जिथे बाण जुळत नाहीत ती वाक्यं मतभेदाच्या यादीत येतात आणि निवाडा माझ्याकडे. त्या सकाळची यादी नेहमीपेक्षा लांब होती, कारण दोघांतला एक नवा मुलगा होता. प्रोग्रामिंगमधून आलेला, हुशार, जेमतेम तीन आठवडे झालेले.

पहिलं वाक्य साधं होतं: 'मी चिठ्ठी लिहिली.' याने चिठ्ठीला कर्ता केलेलं. बोलावून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं ना? चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं, लेख लिहिला. 'मी' तर जागचा हलतही नाही." तर्क खोटा नव्हता, फक्त शाळेतला कर्मणी प्रयोग तो विसरला होता. 'त्याने चिठ्ठी लिहिली' असतं तर 'ने'मुळे सावध झाला असता. 'मी' आणि 'तू' हे दोघे मात्र 'ने' न घेता तेच काम करतात आणि नवख्याला हमखास फसवतात.

'मला ते पुस्तक आवडलं' इथेही तोच घोळ. मी त्याला दुसरं वाक्य दिलं: 'ते पुस्तक वाचून मला राग आला.'
"वाचलं कोणी?"
"मी."
"आणि 'आला' कोणाप्रमाणे?"
"रागाप्रमाणे." तो थांबला. "पण रागाने पुस्तक वाचलेलं नाही."
म्हणजे 'वाचून'चा न दिसणारा कर्ता 'मला'शी जोडलेला आहे, रागाशी नाही. रूप एका शब्दाशी जुळतं, पण कर्त्याची वागणूक दुसऱ्याची, असं मराठीत सर्रास होतं. अशा 'मला'ला कर्ता म्हणावं की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आमच्या नियमावलीने एक बाजू धरलेली आहे, आणि पगार नियमावलीप्रमाणे काम करण्याचा मिळतो.

मग त्याने मूळच प्रश्न काढला. शाळेत वाक्यपृथक्करणात उद्देश्य आणि विधेय असे दोन तुकडे करायचो, इथे सगळं क्रियापदाला का टांगायचं? दोन्ही पद्धती आहेत, मी म्हटलं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५७ साली मांडलेलं झाड शाळेतल्यासारखंच आधी दोन फांद्यांत फुटतं, नामाची आणि क्रियापदाची. आमची पद्धत तेनिएर या फ्रेंच अभ्यासकाच्या वळणाची. त्याचं मुख्य पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९५९ साली आलं. पण क्रियापदाभोवती बाकीच्यांना उभं करण्याची कल्पना पाणिनीच्या सहा कारकांतही आहे: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. या यादीत षष्ठी नाही, कारण 'मुलीचा', 'घराचा' हे क्रियापदाशी नातं सांगत नाहीत, एका नामाचं दुसऱ्या नामाशी सांगतात. हे मी त्याला मोठ्या रुबाबात सांगितलं. तासाभरात याच षष्ठीने मला तोंडघशी पाडलं.

वाक्य होतं: 'हरवलेल्या मुलीच्या भावाला पोलिसांनी दुपारी शोधून काढलं.'

माझ्या जुन्या सहकारी बाईंनी 'हरवलेल्या'चा बाण 'मुलीच्या'कडे नेला होता, या मुलाने 'भावाला'कडे. मी क्षणभरही न थांबता लाल शेरा मारला: 'विशेषण लगतच्या नामाला. मुलगी हरवली आहे.' आणि पुढच्या वाक्याकडे वळले.

थोड्या वेळाने तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, मुलगी हरवली, मग पोलिसांनी भावाला का शोधून काढलं?"

"साक्षीदार असेल," मी म्हटलं. हे उत्तर मला आजही आठवतं आणि आजही लाजच वाटते.

तो हटेना. शेवटी कागद फाडून शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या आणि टेबलावर मांडल्या. 'शोधून काढलं' एकाच चिठ्ठीवर. म्हटलं, फिरव. 'दुपारी पोलिसांनी हरवलेल्या मुलीच्या भावाला शोधून काढलं', चाललं. 'शोधून काढलं पोलिसांनी दुपारी हरवलेल्या मुलीच्या भावाला', तेही चाललं. मग त्याने मुद्दाम चिठ्ठ्या पिसल्या आणि मोठ्याने वाचलं: "मुलीच्या पोलिसांनी हरवलेल्या शोधून काढलं दुपारी भावाला." पलीकडच्या टेबलावरच्या बाई हसल्या. मराठीत शब्द कुठेही टाकले तरी चालतात असं आपण म्हणतो खरं, पण हलतात ते गठ्ठे. 'हरवलेल्या मुलीच्या भावाला' हा एक गठ्ठा. तिन्ही चिठ्ठ्या उचलून तिथे एकच 'त्याला' ठेवला तरी वाक्य उभं राहतं.

इथवर आमचं एकमत. आता गठ्ठ्याच्या आत बघायचं. त्याने 'मुलीच्या' आणि 'भावाला' या चिठ्ठ्या एकमेकींना चिकटवल्या आणि 'हरवलेल्या' थोडी दूर सरकवली. भाऊ हरवला. मग 'मुलीच्या' डावीकडे सरकवून 'हरवलेल्या'ला चिकटवली. मुलगी हरवली. शब्द तेच, क्रम तोच, एका मात्रेचा फरक नाही.

मी बघत राहिले. नवीन लोकांना प्रशिक्षण देताना मी दुर्बिणीचं प्रसिद्ध उदाहरण सांगते. इंग्रजीत 'दुर्बिणीसह माणूस पाहिला' अशा घडणीच्या वाक्यात दुर्बीण बघणाऱ्याकडेही असू शकते आणि त्या माणसाकडेही. मराठीत ते वाक्य कधी रंगतच नाही, कारण 'दुर्बिणीतून' की 'दुर्बीण घेतलेला' हे आपल्याला बोलण्याआधीच ठरवावं लागतं. त्यावरून मी माझ्यापुरता निष्कर्ष काढून ठेवला होता की प्रत्ययांमुळे मराठीत अशी दुहेरी वाट फारशी फुटत नाही. आणि वाट फुटली होती ती नेमकी प्रत्ययामुळेच. 'हरवलेल्या मुलीचा भाऊ सापडला' आणि 'हरवलेला मुलीचा भाऊ सापडला', इथे घोटाळा नाही, शेवटचा स्वरच कोण हरवलं ते सांगतो. पण भावाला 'ला' लागला की 'हरवलेला'चं सामान्यरूप होतं 'हरवलेल्या', आणि मुलीचंही 'हरवलेल्या'च. लिंग गेलं, वचन गेलं, सगळ्यांच्या अंगावर एकच 'या'. बोलताना आपण कुठेतरी श्वास घेतो म्हणून निभावतं. कागदावर श्वास दिसत नाही.

"चार शब्द असते तर किती झाडं?" त्याने विचारलं. 'हरवलेल्या मुलीच्या भावाच्या मित्राला.' मी मोजायच्या आतच म्हणाला, "पाच. तीनला दोन, चारला पाच, पाचला चौदा. कंसांच्या जोड्यांचं गणित आहे, आम्हाला होतं." मी तरी बाण काढून मोजले. बाण एकमेकांना छेदू द्यायचे नाहीत ही अट ठेवली की पाचच होतात.

"अगं, मूळ बातमी उघड ना आता," पलीकडून बाई म्हणाल्या. आमच्याकडे वाक्यं सुटी येतात, मागचंपुढचं कापून. बातमी शोधायला पाच मिनिटं लागली. तक्रार द्यायला मुलगी स्वतः आली होती. आठ वर्षांचा भाऊ गर्दीत तिचा हात सुटून गेला होता. म्हणजे ती सुखरूप आणि तो हरवलेला. मी लाल शेरा पुसला आणि त्याचा बाण पक्का केला. "मीही हातासरशी ओढला होता," बाई म्हणाल्या. खरं तर सुट्या वाक्यावर त्यांची चूक म्हणता येणार नव्हती. चूक माझीच, कारण निवाडा माझा होता आणि दुसरं झाड मला दिसलंच नव्हतं.

मग नको तो विचार डोक्यात आला. जुन्या, मंजूर झालेल्या फाइल्समध्ये 'लेल्या', त्यामागे 'च्या', त्यामागे 'ला' किंवा 'ने' अशा साखळ्या शोधायला त्याला सांगितलं. दोन ओळी लिहून त्याने यादी काढली. स्क्रीन भरली, खाली सरकवली तरी संपेना. यांतल्या बऱ्याच माझ्याच सहीने पुढे गेलेल्या. एकूण एक बाण लगतच्या नामाकडे.

जेवणानंतर आम्ही तिघं एका स्क्रीनसमोर बसलो. पहिलंच वाक्य: 'दमलेल्या घोड्याच्या मालकाला त्यांनी पाणी दिलं.'

तो माझ्याकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस," मी म्हटलं, "मागचं वाक्य उघड."