केमिस्ट्रीवाली, इंग्लिशची स्पर्धा आणि चुकांची वही

सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी टाकलं की टेस्ट ट्यूबमध्ये पांढरं, दह्यासारखं काहीतरी साकळतं, त्याला आम्ही प्रेसिपिटेट म्हणतो. हा शब्द मी तीन वर्षं जवळजवळ रोज वापरतेय. त्यामुळे इंग्लिश स्पर्धेच्या पहिल्याच सराव पेपरात 'एका भाषणाने क्रायसिस प्रेसिपिटेट केला' असं वाक्य आलं तेव्हा मला काडीची शंका आली नाही, क्रायसिस तळाशी बसला म्हणजे विषय संपला, सगळं निवळलं! खालच्या प्रश्नात मी ऐटीत 'परिस्थिती शांत झाली' ला टिक केलं. खरं उत्तर बरोब्बर उलटं होतं, भाषणामुळे संकट एकदम ओढवलं. नंतर डिक्शनरीत बघितलं तर दोन्ही अर्थांचं मूळ एकच, लॅटिनमधला डोक्यावर आपटण्याचा शब्द. कण खाली पडतात तसं संकटही धाडकन येऊन पडतं. पण मार्क गेला तो गेलाच.

तर सांगायचं असं की मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी, आणि कॉलेजच्या इंग्लिश प्रोफिशियन्सी स्पर्धेत नाव दिलंय. का दिलं ते विचारू नका, नोटीस दिसली, मैत्रीण म्हणाली तुझ्याच्याने होणार नाही, दिलं. पहिल्या फेरीत लिसनिंग, रीडिंग, क्लोझ (म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरा), वाक्यातली चूक शोधा आणि एक निबंध, आणि त्यातून वर गेलात तर दोन मिनिटांचं आयत्या वेळचं भाषण. इंग्लिश लिटरेचरवाले पण याच स्पर्धेत असतात, म्हणजे आम्ही पोहायला शिकतोय आणि शेजारच्या लेनमध्ये मासे.

सगळ्यांसारखीच माझीही पहिली समजूत ही की आपल्याला शब्द कमी पडतात. कोणीतरी तीन हजार अवघड शब्दांची एक पीडीएफ पाठवली आणि मी इमानदारीत ए पासून सुरू केलं. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत पाठ केलेला एकही शब्द नंतर कुठल्याही सराव पेपरात भेटला नाही, आणि ए च्या पुढे मी गेले नाही ते वेगळंच. नंतर कळलं की याहून कितीतरी शहाणी यादी आहे, एव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी २००० साली केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट. त्यांनी आर्ट्स, कॉमर्स, लॉ आणि सायन्स अशा चारही शाखांचा मिळून जवळपास ३५ लाख शब्दांचा मजकूर घेतला आणि त्यात सगळीकडे पुन्हा पुन्हा येणारे शब्द काढले, फक्त ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब). पण अभ्यासाच्या मजकुरातला साधारण १० टक्के भाग तेवढ्यात येतो. आणि गंमत म्हणजे त्यातले अर्धेअधिक शब्द आम्हाला लॅबमुळे आधीच ओळखीचे. डेटा, मेथड, ॲनालाइझ, फॅक्टर, इंडिकेट, व्हेरी. मी उगाच घाबरत होते.

शिवाय केमिस्ट्रीचा एक फायदा असा मिळाला ज्याची अपेक्षाच नव्हती. आमच्या विषयात ग्रीकचे तुकडे भरलेले असतात. लिसिस म्हणजे सुटं करणं, मोकळं करणं, हे हायड्रोलिसिस शिकताना कधीतरी कानावरून गेलेलं. एकदा ते डोक्यात बसलं की ॲनालिसिस, पॅरालिसिस, डायलिसिस, कॅटॅलिसिस सगळे एकाच घरातले निघतात. आयसो म्हणजे समान, अमॉर्फस म्हणजे आकार नसलेलं. अनोळखी शब्द आला की त्याचे तुकडे पाडून बघायची सवय लागली, दरवेळी बरोबर येतं असं नाही, प्रेसिपिटेटसारखे दगा देणारे पण असतात. व्होलाटाइल मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच वागतो, द्रव असो की माणूस, उडून जायला वेळ लागत नाही.

शब्द पाठ करायला मी पत्त्यांसारखी कार्डं केली. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितलेली डब्यांची पद्धत आहे ना, तीच. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे उशिरा उशिरा. बुटाच्या खोक्यात पुठ्ठे घालून कप्पे केलेत, दिसायला भंगार पण चालतंय.

आता खरा मुद्दा. सराव पेपर सोडवत होते, चुकत होते, वरवर बघून 'अरे हो, हे तर येत होतं' असं म्हणून पुढे जात होते. सहा पेपर असेच गेले आणि मार्क जिथल्या तिथे. मग एकदा लॅबमध्ये टायट्रेशनची तिसरी रीडिंग जुळत नव्हती म्हणून मॅडम म्हणाल्या, आकडा चुकला म्हणून खोडू नकोस, कुठे चुकला ते लिही. मी तेच घरी येऊन इंग्लिशला लावलं. एक जुनी जर्नल घेतली, पानाचे तीन रकाने केले, मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि मी तसं का लिहिलं. तिसरा रकाना सगळ्यात कटकटीचा. पण बारा पेपरांच्या चुका त्यात भरल्यावर मोजल्या तर चाटच पडले. अवघड शब्दामुळे गेलेले मार्क चौथ्या नंबरवर! पहिल्या नंबरवर 'अ' आणि 'द'. दुसऱ्यावर इन, ऑन, ॲट. तिसऱ्यावर 'वन ऑफ माय फ्रेंड' छाप एकवचन-अनेकवचनाचे घोळ. म्हणजे मी ज्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हते ते दोन अक्षरी शब्दच मला मारत होते.

आणि तिसऱ्या रकान्यात जवळपास प्रत्येक ओळीत कारण एकच निघालं, मराठी. म्हणजे मराठी वाईट असं नाही हो, उलट मराठी इतकी मुरलेली आहे की ती हळूच आत येऊन बसते. हेच बघा. सोमवारी, सकाळी, रात्री. आपल्याकडे तिन्हीला एकच शेपूट, ई लावली की झालं. इंग्लिशमध्ये ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट. तीन वेगळे, आणि मॉर्निंगच्या आधी 'द' आहे, नाइटच्या आधी नाही. याला कारण विचारायला मी लिटरेचरवाल्या मैत्रिणीकडे गेले तर ती म्हणाली कानाला बरं वाटतं ते घ्यायचं. कानाला! माझ्या कानाला 'इन नाइट' पण बरं वाटतं, तोच तर प्रॉब्लेम आहे.

'द' चं कोडं मात्र मला एका मांजरामुळे सुटलं. मांजर खरं नाही, वाक्यातलं. 'दारात मांजर आलं' आणि 'मांजर दारात आलं', ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात कुठलंतरी मांजर आलंय, आत्ताच कळलं. दुसऱ्यात ते मांजर आपल्याला माहितीये, बहुतेक त्याचीच वाट बघत होतो. म्हणजे 'अ' आणि 'द' मधला फरक आपल्याला कळत नाही असं नाहीच, आपण तो शब्दांची जागा बदलून करतो. हे लक्षात आलं त्या दिवशी मी एकटीच खोलीत हसले. तेव्हापासून अडलं की वाक्य मराठीत करते आणि विचारते, हे मांजर ओळखीचं की अनोळखी? सगळं यातून सुटत नाही, 'द सन' किंवा नद्यांची नावं वगैरे पाठच करावी लागतात, आणि सोडियम, वॉटर, ग्लास अशा नुसत्या पदार्थांबद्दल बोलताना काहीच लावायचं नसतं, त्यात मी सगळ्यात जास्त चुकायचे, 'द सोडियम रिॲक्ट्स विथ द वॉटर' असं बिनधास्त. जर्नलमध्ये तीन वर्षं असंच लिहिलंय बहुतेक, कोणी लाल शाई लावली नाही.

क्लोझबद्दल एक माहिती मिळाली तेव्हा जरा राग निवळला. मजकुरातले शब्द गाळायचे आणि भरायला लावायचे, ही पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये काढली, आणि ती मुलांची परीक्षा घ्यायला नव्हती, मजकूर वाचायला किती सोपा आहे ते मोजायला होती. म्हणजे मुळात नापास व्हायचं तर मजकुराने! ते नंतर आमच्यावर उलटलं. असो. क्लोझला मी करते ते एवढंच की आधी पूर्ण उतारा रिकाम्या जागांसकट एकदा वाचून काढते, पेन खाली ठेवून. पहिली जागा बऱ्याचदा तिसऱ्या ओळीवरून कळते, आणि 'हाउएव्हर' की 'देअरफोर' हे तर पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळणारच नाही.

लिसनिंगला सुरुवातीला मी चक्क बधिर होते. शब्द येतात सगळे, पण कानावर पडताना एकमेकांत विरघळून येतात. मग तीस सेकंदांचा तुकडा घ्यायचा, ऐकून जसाच्या तसा लिहायचा, मग लिहिलेला मजकूर उघडून ताडायचा. एका तुकड्याला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. हरवलेले शब्द कुठले तर परत तेच बारके, ऑफ, टू, ॲट, हॅव. इंग्लिश बोलणारे यांना इतकं बारीक करून टाकतात की उरतो फक्त एक 'अ'. इंग्लिशमध्ये सगळ्यात जास्त येणारा स्वर हाच आहे आणि त्याला स्वतःचं अक्षर नाही, कधी ए, कधी ओ, कधी यू च्या कपड्यात फिरतो. आणि आपल्या बाराखडीची सुरुवातच त्याच्यापासून! मी ऐकताना इंग्लिश स्पेलिंगऐवजी देवनागरी डोळ्यापुढे आणायला लागले आणि खरंच जास्त ऐकू यायला लागलं. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्यावर, पण पुढे 'फटॉग्रफी', जोर दुसऱ्यावर आणि आजूबाजूचे स्वर गुपचूप अ झालेले. हे देवनागरीत लिहिलं की लगेच दिसतं.

निबंधात माझी लॅबच नडली. आम्हाला सवय 'सोल्युशन वॉज हीटेड, रीडिंग वॉज टेकन' अशी, करणारा माणूस वाक्यात दिसता कामा नये. मोबाइलच्या सवयीवर निबंध लिहिला त्यात मी पहिल्याच परिच्छेदात चार वेळा 'इट वॉज ऑब्झर्व्हड' लिहिलं होतं. मैत्रिणीने वाचून विचारलं, हे ऑब्झर्व्ह कोणी केलं गं, तू की बीकरने? लागलं, पण बरोबर होतं तिचं. तेव्हापासून निबंधात 'मी' आणते, माझ्या बाजूने एक तरी उदाहरण आणते, आणि शेवटची सात मिनिटं लिहिणं बंद. त्या सात मिनिटांत निबंध अर्थासाठी वाचायचाच नाही, फक्त नामं शोधत जायची आणि प्रत्येकाला विचारायचं, तू ओळखीचं मांजर की अनोळखी. इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट दिसले की मागे एस चिकटलाय का ते बघायचं. आम्ही इक्विपमेंट्स म्हणतच वाढलोय त्यामुळे तो हात आपोआप चालतो.

पहिली फेरी गेल्या आठवड्यात झाली. लिसनिंगचा दुसरा तुकडा पूर्ण डोक्यावरून गेला, स्पीकर घुमत होता की माझं डोकं घुमत होतं सांगता येत नाही. क्लोझ बरा गेला. निबंधाच्या त्या सात मिनिटांत पाच 'द' सापडले, तीन गाळलेले, दोन फुकटचे. काल यादी लागली, नाव आहे, वरून नाही, खालून बघितलं तर लवकर सापडेल असं. मैत्रिणीचंही आहे, अर्थातच.

आता भाषण. चिठ्ठी उचलायची, एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलणं. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर पहिल्या दोन मिनिटांत मी सात वेळा 'म्हणजे' म्हणाले, इंग्लिश भाषणात, आणि एकदा तर 'सो म्हणजे' असं जोडून. शिवाय वाक्य मनात मराठीत तयार होतं, क्रियापद शेवटी, आणि इंग्लिशला ते लगेच दुसऱ्या घासाला लागतं, त्यामुळे कर्ता बोलून झाला की मी तशीच उभी. सध्या उपाय एवढाच की वाक्यं तोडायची, आठ-दहा शब्दांच्या वर जायचं नाही, अडलं तर 'म्हणजे' च्या जागी गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड आहे, दोन सेकंद पण दोन मिनिटांसारखे वाटतात. कालच्या रेकॉर्डिंगमध्ये 'म्हणजे' तीनवर आलंय. वहीत त्याचा वेगळा रकाना केलाय आणि आजची चिठ्ठी अजून उघडायचीये, रूममेट झोपायच्या आत.