बोरघाट अपडेट: डबे वळले!

मंडळी, जमलं! बोरघाटातल्या जुन्या रेल्वेचं ॲनिमेशन पॉवरपॉइंटमध्ये करतोय, त्यातली गाडी वळणावरून रूळ न सोडता गेली. मॅक्रो नाही, ॲड-इन नाही, सगळं ॲनिमेशन पेनमधून (इफेक्ट्सची यादी दाखवणारी बाजूची पट्टी).

मागच्या वेळी इथेच अडलं होतं. मोशन पाथवर, म्हणजे आखून दिलेल्या वाटेवर, वस्तू सरकते, पण तोंड फिरवत नाही आणि तसा पर्यायच पॉवरपॉइंटने दिलेला नाही. घाटाच्या पायथ्याच्या पळसदरीहून निघालेला डबा वळणावर खेकड्यासारखा चालायचा. बऱ्याच जणांनी मॉर्फ (वस्तू पुढच्या स्लाइडवरच्या तिच्या जागी सरकवत नेणारं ट्रान्झिशन) सुचवला. मॉर्फ दोन जागांमध्ये सरळ रेषा धरतो, त्यामुळे गाडी थेट दरीतून! मधे स्लाइड्स वाढवल्या तर प्रत्येक जोडावर हिसका.

मग पाथच्या जोडीला स्पिन (वस्तू जागच्या जागी फिरवणारा इफेक्ट), 'विथ प्रीव्हियस', म्हणजे दोन्ही एकदमच सुरू. डबा वळला, पण वळण यायच्या आधीच. चोर सापडला तो स्मूथ स्टार्टमध्ये. मोशन पाथला स्मूथ स्टार्ट (हळू सुरुवात) आणि स्मूथ एंड (हळू शेवट) आपोआप चिकटून येतात, स्पिनला मात्र दोन्ही शून्य. दोन्हीकडे शून्य केल्यावर पुष्कळ सुधारलं, तरी डबा मधेच रुळाबाहेर झुकायचा, कारण हाताने काढलेल्या कर्व्हची वक्रता जागोजागी वेगळी.

शेवटी वळणापुरता पाथच काढून टाकला. वळण म्हणजे वर्तुळाचा तुकडा, असं धरलं. डब्यासोबत नो फिल, नो आउटलाइन असं वर्तुळ घेतलं, त्याचं केंद्र वळणाच्या केंद्रावर ठेवलं आणि दोन्ही ग्रुप केले. आता नुसता स्पिन दिला की डबा रुळावरून फिरतो आणि तोंडही आपोआप वळतं. वर्तुळ वळणापेक्षा थोडं मोठं हवं. डबा त्याच्याबाहेर डोकावला तर ग्रुपचा मध्य सरकतो आणि सगळं बिघडतं.

वेग जुळवायला साधं गणित. सरळ २० सेंमी ४ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ५. त्रिज्या १० सेंमी, कोन ६० अंश, म्हणजे कंस १०.४७ सेंमी. स्पिनला २.०९ सेकंद. जोड कळतसुद्धा नाही! (वळणानंतरच्या दुसऱ्या पाथची सुरुवात पहिल्याच्या शेवटावर ओढून ठेवा, नाहीतर डबा उडी मारतो.)

बाकीचे डबे स्लाइडबाहेर एकावर एक रचले. ॲनिमेशन पेंटरवर (एका वस्तूचे इफेक्ट दुसरीला देणारं बटण) डबल-क्लिक करून सगळ्यांना तेच इफेक्ट दिले, फक्त डिले वाढवत नेला. ॲनिमेशन पेंटरइतकं कामाचं आणि इतकं दुर्लक्षित बटण दुसरं नसेल. डब्याचं चित्र मात्र स्वतःच शेप्समधून काढा. फुकट मिळणाऱ्या 'ट्रान्स्परंट' पीएनजींची ती राखाडी-पांढरी चौकडी बऱ्याचदा चित्रातच छापलेली असते.

रिव्हर्सिंग स्टेशनात (जिथे गाडी थांबून उलट दिशेने निघायची) थांबण्यासाठी शेवटच्या पाथला तेवढा १ सेकंदाचा स्मूथ एंड ठेवलाय. त्यासाठी ड्यूरेशन अर्धा सेकंद वाढवावं लागतं, नाहीतर थांबण्याआधी गाडी उगाच वेग घेते.

आता पुढचं. रिव्हर्सिंगला गाडीची दिशा फिरायची, मागचा डबा पुढे. म्हणजे डिलेचा क्रम उलटा. त्याच स्लाइडवर हे करायचं ठरवलं होतं, पण ॲनिमेशन पेन आत्ताच स्क्रोल करून संपत नाही. लिहिता लिहिता सुचलं: थांबलेल्या गाडीची स्लाइड डुप्लिकेट करायची, ट्रान्झिशन 'नन', आणि उलट दिशेचा पुढचा प्रवास तिथून नव्याने. डबे तिथे सरळ रुळावर उभे असल्याने ग्रुप नव्याने बांधणं सोपं. इंजिनाच्या धुराचं ॲनिमेशन त्यामुळे मागे पडलं.

शिवाय १८६३ चा मार्ग आणि १९२९ मध्ये रिव्हर्सिंग टाळून काढलेला मार्ग एकाच नकाशावर दाखवायचे आहेत. तिथे मॉर्फ चालेल, कारण रूळ जागेवरच राहतात, फक्त रंग बदलतो. ३७ ला १ (३७ फुटांमागे १ फूट) हा चढ दाखवायला बाजूचा छेद हवाच, पण त्यात डबे वळत नाहीत, नुसते तिरके होतात. तेव्हा आधी तोच उरकतो.