भरतीच्या वेळापत्रकावर चालणारे शहर

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट जॉन हे न्यू ब्रन्सविक प्रांतातील बंदराचे शहर पाहायला जाणाऱ्याने भरती-ओहोटीचे वेळापत्रक हाताशी असल्याशिवाय घराबाहेर पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीच्या नोकरीमुळे तिकडे जाणे झाले. तिने ते वेळापत्रक फ्रिजवर चिकटवले होते, याचे मला नवल वाटले नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे विचारल्याशिवाय कोल्हापुरातही कोणाची सकाळ होत नाही. मात्र पंचगंगा इंचाइंचाने चढत ४३ फुटांची धोक्याची पातळी गाठते, तर फंडीच्या उपसागराचे पाणी सेंट जॉनच्या धक्क्यावर साधारण सहा तासांत २८ फुटांपर्यंत चढते आणि पुढच्या सहा तासांत तेवढेच उतरते. हा उपसागर आत जाताना निमुळता व उथळ होत जातो, शिवाय त्यातील पाण्याच्या हेलकाव्याचा काळ भरतीच्या काळाशी जवळजवळ जुळतो, म्हणून प्रत्येक भरती आधीच्या हेलकाव्याला आणखी जोर देते.

याचा खरा परिणाम दिसतो तो सेंट जॉन नदीच्या मुखाजवळील ‘रिव्हर्सिंग फॉल्स’ (उलटे वाहणारे धबधबे) नावाच्या खडकाळ घळीत. ओहोटीला नदी तेथून फेसाळत समुद्राकडे धावते आणि पाण्याखालच्या कड्यांमुळे मोठे भोवरे उठतात. भरतीला समुद्राची पातळी नदीहून वर गेली, की तोच प्रवाह उलटा, वरच्या अंगाला वाहू लागतो. या दोहोंच्या मधल्या थोड्या अवधीत पाणी निपचित पडते आणि बोटी तेवढ्यात घळ ओलांडून घेतात. प्रवाहाबरोबर चाललेला एक ओंडका मी नजरेने धरून ठेवला होता. तो मंदावला, जागच्या जागी फिरत राहिला आणि मग आल्या वाटेने परत निघाला. क्रूझवरून उतरलेले प्रवासी घटकाभर फेस पाहून, धबधबा कुठे आहे असे विचारत बसमध्ये बसतात. उंचावरून कोसळणारा धबधबा तेथे नाहीच, आणि शेजारी कागदाच्या लगद्याची गिरणी असल्याने देखावाही फारसा रम्य नाही. सकाळी एकदा पाहून दुपारी पुन्हा तिथेच यावे, तरच जाण्यात अर्थ आहे.

शहरातील मंडई १८७६ सालची. पुढच्याच वर्षी लागलेल्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग जळाला, पण ती वाचली. तिचे लाकडी छत उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या सांगाड्याच्या घाटाचे आहे. तेथे डल्स नावाचे जांभळट रंगाचे वाळवलेले समुद्री शेवाळ पुड्यांतून मिळते. पहिला घास खारट आणि चामट लागतो, थोडा वेळ तोंडात धरल्यावर मऊ होतो. त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले असून मी खाणाऱ्यांच्या बाजूचा आहे.