घारापुरी ते गेटवे : पोहणाऱ्याच्या बोटीत बसणार असाल तर

"तुम्ही फक्त बोटीत बसायचं आणि मागितलं की पाणी द्यायचं," असं आयोजकांच्या माणसाने मला दोनदा सांगितलं होतं. यावर विश्वास ठेवू नका. परवा बोटीतून उतरलो तेव्हा माझा आवाज बसला होता, दोरीने तळहात सोलले होते. पोहून आलेली वहिनी माझ्याआधी जेवायला बसली.

वहिनी दादरच्या तलावात रोज पोहते. समुद्रात याआधी दोनदा उतरली होती. कॅन्सरवर उपचार घ्यायला मुंबईत येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठी निधी जमवायला ही मोहीम होती. प्रत्येक पोहणाऱ्यामागे एक बोट आणि बोटीत घरचा एक माणूस, तो मी. अंतर कागदावर 14 किलोमीटर. तुम्हाला स्वतःला पोहता येतं, बोट लागत नाही आणि पाच-सहा तास उन्हात बसता येतं, असं धरून पुढचं लिहितोय. बोट लागत असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. बोट लागू नये म्हणून अवोमिनची गोळी घेतली तर झोप येते, आणि इथे डोळा लागून चालत नाही.

सगळं बिघडलं ते घारापुरीच्या धक्क्यावर, पाण्यात उतरण्याआधीच. त्या दिवशी षष्ठी होती. भरती पहाटे पाचच्या आत संपून अकराच्या सुमाराला ओहोटी संपणार होती. घारापुरीहून गेटवेकडे येताना ओहोटी तुमच्या बाजूने असते, बंदरातलं पाणी बाहेर जाताना तुम्हाला घेऊन जातं. म्हणून साडेपाचला उतरायचं आणि साडेनऊला गेटवे, असा हिशोब होता. प्रमुख पाहुणे सहा चाळीसला आले. मग नारळ, भाषण, फोटो. अंगाला व्हॅसलीन फासून वहिनी दीड तास थंडीत उभी होती. सात वाजून दहा मिनिटांनी ती उतरली. मी तोंड उघडलं नाही, कारण धक्क्यावर गेलेला दीड तास पुढे दामदुपटीने वसूल होतो हे मला कळत नव्हतं. तुम्ही मात्र बोला. पाहुणे आले नसतील तर त्यांच्याशिवाय उतरा.

पहिले अडीच तास छान गेले. जवाहर द्वीप उजव्या हाताला लांब ठेवून पुढे आलो. तिथे तेलाची जहाजं लागतात, जवळ जाऊ देत नाहीत. परवानगीच्या कागदाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा, आमच्याकडे एकदा मागितली.

साडेनऊच्या सुमाराला आमची बोट चालवणारे तांडेलकाका म्हणाले, "भाऊ, आता ताईंना ससून डॉकच्या अंगाला घेऊ. पाणी फिरलं की वर ढकलणार." मी आयोजकांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, सरळ गेटवेवर धरा, ते जवळ पडतं. मी फोनवरच्या माणसाचं ऐकलं. हा माणूस त्या दिवशी पाण्यात नव्हता. तांडेलकाका चाळीस वर्षं याच पाण्यात आहेत.

अकराला गेटवे दीड किलोमीटरवर होतं. कमानीखालची माणसं दिसत होती. आणि पाणी फिरलं.

भरतीचं पाणी तिथे उत्तरेला, बंदराच्या आत ओढतं. गेटवेच्या उत्तरेला लगेच नौदलाची गोदी, तिकडे सरकायची सोय नाही. वहिनी हात मारत होती आणि जागची हलत नव्हती. आधी मला वाटलं की ती थकली. मग काकांनी ताजच्या घुमटाकडे बोट दाखवलं. गेटवेच्या डाव्या अंगाला दिसणारा घुमट हळूहळू कमानीच्या मागे सरकत होता. म्हणजे आम्ही उजवीकडे वाहत होतो. ही खूण पक्की लक्षात ठेवा. पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांच्यातली जागा बदलली की तुम्ही वाहताय. फोनवरचा नकाशा हे इतक्या लवकर सांगत नाही.

त्यानंतर दीड किलोमीटरला एक तास पस्तीस मिनिटं लागली. तिचे हात मिनिटाला साठ पडायचे, ते अठ्ठेचाळीसवर आले. दर पंधरा मिनिटांनी हात मोजा आणि लिहून ठेवा. नुसतं बघून कळत नाही. आकडा पडायला लागला की काहीतरी विचारा, पण "बरी आहेस ना?" असं नाही, त्याला सगळे "हो" म्हणतात. मी घरचा पिनकोड विचारला. तिने बरोबर सांगितला आणि वर म्हणाली, "भावोजी, खजूर टाका, प्रश्न नका टाकू." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. उत्तर अडखळलं असतं तर मी तिला तिथेच वर घेतलं असतं. हा निर्णय तुमचा असतो, आणि तो आदल्या रात्री दोघांनी बोलून ठरवलेला असावा. पाण्यात असताना ती कधीच "बस" म्हणणार नाही.

खाणं-पिणं द्यायची पद्धत अशी : बाटलीला सात-आठ मीटर दोरी बांधून फेकायची, पिऊन झालं की ओढून घ्यायची. खजूर आणि उकडलेला बटाटा लांब काठीला बांधलेल्या जाळीतून. बोटीला तिचा हात लागला तर मोहीम बाद, म्हणून जवळ जायचं नाही. आणि बाटली फेकण्याआधी इंजिन न्यूट्रलला. पंखा फिरत असताना पोहणारा बोटीच्या मागच्या अंगाला कधीच नको. हे काकांना सांगावं लागलं नाही, पण सगळेच तांडेल काकांसारखे नसतात. ती ज्या बाजूला तोंड वळवून श्वास घेते त्या बाजूला बोट ठेवा, म्हणजे तुम्ही तिला दिसत राहता. डिझेलचा धूर तिच्या तोंडावर जात असेल तर मात्र बाजू बदला. मी हे तासभर विसरलो, तिला दोनदा उमासे आले.

गेटवेहून घारापुरीच्या लाँचेस नऊला सुरू होतात. त्यांच्या लाटा आणि मांडव्याच्या बोटींच्या लाटा, दोन्ही शेवटच्या टप्प्यात एकदम अंगावर येतात. लाल कापड हातात ठेवा आणि उभं राहून हलवा. पुष्कळ लाँचवाले वेग कमी करतात, काही करत नाहीत. वायरलेस असेल तर 16 नंबरवर ठेवा, तटरक्षक दलाचा 1554 फोनमध्ये आधीच भरून ठेवा.

आता पैशांचं. बोट आयोजकांच्या मध्यस्थाने ठरवली, 11,000 रुपये. धक्क्याला लागल्यावर त्याने "वेटिंग" म्हणून आणखी 4,500 मागितले. उशीर ज्यांनी केला त्यांच्याच माणसाने! वहिनी थंडीने कुडकुडत होती म्हणून मी दिले, आणि अजून राग गेलेला नाही. नंतर काकांनी सांगितलं, त्यांच्या हातात 6,000 आले, डिझेल त्यातूनच. निधीच्या नावाने चाललेल्या कामात ही लूट आहे. कोळीवाड्यात स्वतः जा, तांडेलाशी समोरासमोर ठरवा. किती तास, डिझेल कोणाचं, उशीर झाला तर काय, सगळं कागदावर घ्या.

गेटवेच्या पायऱ्यांवर पाणी उतरलेलं असताना शेवाळ असतं. पाच तास आडवा असलेला माणूस उभा राहिला की तोल जातो. वहिनी दुसऱ्या पायरीवर घसरली, मागे खलाशी होता म्हणून डोकं वाचलं. तेव्हा एक माणूस आधीच पायऱ्यांवर हवा, कोरडा टॉवेल आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन. मानेवर मिठाने सोलवटलेल्या जागी टॉवेल घासू नका, टिपा. तिची मान आज तिसऱ्या दिवशीही लाल आहे.

जमलेले पैसे पूर्ण पोचले, ते मी स्वतः जाऊन पाहिलं. वहिनीला पुढच्या डिसेंबरात परत उतरायचंय. काकांना विचारलं तर त्यांनी बोटांवर तिथी मोजल्या आणि म्हणाले, अष्टमीच्या आसपासचा सोमवार धरा. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी लहान, ओढ कमी. भरती सहाच्या पुढे संपते, म्हणजे उजाडता उजाडता उतरता येतं. आणि सोमवारी लेणी बंद, लाँचेस कमी. बोट त्यांचीच ठरवली आहे, मध्ये कोणी नाही. पाहुण्यांना बोलावलेलं नाही.