वायसरसाठी वर्गणी

युगांडातल्या एंटेबेच्या विमानतळावर मला बॅग उघडायला लावली ती पितळी पाटीमुळे. यंत्रात ती भलतंच काहीतरी दिसली असणार. वर भडंगाची पुडी, खाली दोन साड्या (का नेल्या होत्या देव जाणे) आणि साड्यांच्या घडीत वहीएवढी, हाताला चांगलीच जड लागणारी पाटी. कस्टमच्या बाईंनी ती उजेडात धरून वाचली.

"तुमची आई?"

"नाही, लेस्टरच्या एका काकांची."

"मग ते का नाही आले?"

याचं उत्तर लांबलचक होतं. त्यांचे गुडघे दुखतात, एवढंच मी सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

मी मूळची करमाळ्याकडची. इंग्लंडात लेस्टरला येऊन एकोणीस वर्षं झाली. इथे आम्ही सातजण मिळून एक छोटीशी संस्था चालवतो. पूर्व युगांडातल्या तेसो भागात, सोरोटीच्या आसपासच्या काही गावांत पाण्याची कामं करतो. पगारी माणूस एकही नाही. ऑफिस म्हणजे खजिनदारांच्या घरातलं जिन्याखालचं कपाट. तिकडे जायचं तर ज्याने त्याने आपल्या खर्चाने. माझ्या तिकिटाच्या पैशांत किती पाइप आले असते, हा हिशेब मी विमानात पेपर नॅपकिनवर केला आणि मग त्याच नॅपकिनने हात पुसले.

वर्गणी मागायचं शिक्षण माझं गावच्या गणपतीत झालेलं. पावतीपुस्तक घेऊन जायचं, मागच्या वर्षीचा आकडा आधी मोठ्याने वाचायचा, आणि यजमानांपेक्षा घरातल्या आजीशी जास्त बोलायचं. लेस्टरमध्येही फार वेगळं करावं लागत नाही. आम्ही वडापाव विकतो, पावसात, एका चर्चच्या हॉलच्या दारात. पण इथे एक गंमत आहे. कर भरणाऱ्या माणसाने देणगी देऊन गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही केली, की दर पौंडामागे सरकार आणखी २५ पेन्स संस्थेला देतं. वडापावच्या पैशांवर मात्र काही नाही, कारण तिथे तुम्ही वडा घेतलात, दान दिलं नाहीत. त्यामुळे वडा खाऊन झालेल्या माणसाला, त्याच्या बोटांना चटणी लागलेली असतानाच, फॉर्मपर्यंत ढकलत नेणं हे माझं काम. आमच्या कित्येक फॉर्मांवर लसणाच्या चटणीचे डाग आहेत.

आणि एक पत्रक असतं. ते मीच लिहिलं होतं. ‘पाच हजार पौंडांत एक बोअर, तीनशे माणसांना पाणी.’ वर फोटो, तोंडावर पाणी उडवणाऱ्या मुलीचा. नवी बोअर खपते. नारळ फोडता येतो, पाटी लावता येते, आधीचा नि नंतरचा फोटो टाकता येतो.

काकांनी तेच पत्रक वाचलं. काका गुजराती, जन्म सोरोटीचा. वडिलांचं तिथे कापडाचं दुकान होतं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले, तेव्हा काका अकरा वर्षांचे होते. त्याच सुमारास लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात जागा नाही, कृपया येऊ नका. "त्यामुळेच तर आम्हाला लेस्टरचं नाव कळलं," असं म्हणून काका दर वेळी हसतात. त्यांनी एका अख्ख्या बोअरचे पैसे दिले, आईच्या नावाने. त्यांची आई सोरोटीत परत कधी जाऊ शकली नाही. निदान नाव तरी जावं, म्हणून ही पाटी.

कंपालाहून सोरोटी तीनशेच्या वर किलोमीटर. मबिराच्या जंगलाआधी नमावोजोलोला गाडी थांबली न थांबली, तोच निळ्या अंगरख्यातली माणसं कोंबडीच्या काड्या आणि भाजलेली केळी घेऊन खिडक्यांना भिडली. इथे ‘रोलेक्स’ही मिळतं. घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. चपाती इथे हिंदुस्तानी लोकांबरोबर आली आणि ती माणसं हाकलली गेली तरी राहिली. जिंजाला २०१८ साली झालेल्या नव्या, केबलांनी तोललेल्या पुलावरून नाईल ओलांडली. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथे सोडला होता, नदीकाठी त्यांचा अर्धपुतळाही आहे. परत येताना थांबू म्हणाले सगळे. अर्थात थांबलो नाही. पुढे म्बाले, डोकं ढगात घालून बसलेला एल्गन डोंगर, मग कुमीचं सपाट माळरान. मध्येच उगवलेले ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे, आणि सखल भागात पपायरसच्या हिरव्यागार दलदली. तेसोत पाणी दिसतं भरपूर. पिण्याजोगं असतं ते मात्र खाली, खडकात.

सोरोटीत पहिल्या संध्याकाळी काकांचं दुकान शोधलं. बाजारपेठेतल्या जुन्या इमारतींच्या कपाळावर सिमेंटमध्ये बांधणाऱ्यांची नावं आणि साल असतं, आपल्याकडच्या जुन्या पेठांत असतं तसंच. रंगावर रंग बसून अक्षरं भरत आलेली. काकांनी सांगितलेल्या कोपऱ्यावर आता मोबाइलची दुरुस्ती चालते. मी फोटो काढला. दुकानातल्या पोराने विचारलं, विकत घेणार का?

दुसऱ्या दिवशी गावात. तेसोत भेटल्यावर म्हणतात ‘योगा’. मला आधी सांगितलेलं असूनही पन्नास बायका एका सुरात ‘योगा’ म्हणाल्या तेव्हा मी पाठ ताठ केली. आंब्याच्या झाडाखाली सभा. माझ्या मनात अजेंडा पक्का होता: नव्या बोअरची जागा ठरवायची, फोटो, भाषण, आभार.

पाणी समितीच्या अध्यक्षाबाईंनी मला जागा दाखवायच्या ऐवजी जुन्या हापशाकडे नेलं. आठ महिने बंद. त्यांचं बोलणं आमच्या सहकाऱ्याने इंग्रजीत सांगितलं ते असं: "भोक आजारी नाही. पाइप आजारी आहेत. तुम्ही आम्हाला दुसरं भोक का देताय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकात तर नव्हतंच.

झालं होतं असं. या भागात पुष्कळ ठिकाणी जमिनीतलं पाणी आम्लधर्मी आहे. त्यात जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप काही वर्षांत गंजून जातात. पाणी तांबूस येतं, त्यात शिजवलेलं अन्न काळं पडतं, पांढरे कपडे पिवळे होतात. दर घराने महिन्याला हजार शिलिंग समितीला द्यायचे असतात. पौंडाला साडेचार हजारांहून जास्त शिलिंग येतात, म्हणजे रक्कम मोठी नाही. पण गंजाच्या पाण्याला पैसे कोण देणार? पैसे बंद, म्हणून दुरुस्ती बंद, म्हणून पाणी बंद. बायका पुन्हा पिवळे वीस लिटरचे जेरीकॅन घेऊन दलदलीच्या काठाला. आमची नवी बोअर दोनशे पावलांवर पडली असती, तीच जमीन, तेच पाइप. पाच वर्षांनी हीच सभा.

हे सगळं ऐकत असताना मी हापशाकडे बघत होते. लांब दांडा, चौकोनी डोकं, आत साखळी. युगांडात याला यू-टू म्हणतात. पण हा तर आमच्या शाळेमागचा! डोक्यावरचा गंज अंगठ्याने घासला तर उठावाच्या अक्षरांत ‘इंडिया’ एवढं वाचता आलं.

तो मूळचा आमच्याकडचाच. १९६० च्या दशकात आपल्याकडे खेड्यांत जे बिडाचे पंप बसवत, ते एका कुटुंबाच्या अंगणासाठी केलेले होते. अख्खं गाव त्यांच्यावर तुटून पडलं की महिन्या-दोन महिन्यांत मोडत. मराठवाड्यात जालन्याच्या मिशनच्या वर्कशॉपमध्ये पोलादी पंप करून पाहिला गेला, तो जालना पंप. मग त्यात सुधारणा होत सोलापूर पंप आला. युनिसेफ आणि सरकारने १९७० च्या दशकात तोच पाया धरून, कोइमतूरच्या बाजूला कसून चाचण्या घेऊन ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. तो पुढे लाखांनी जगभर गेला, आणि युगांडाने थोडेफार बदल करून त्यालाच आपला प्रमाण पंप ठरवलं. ज्या बाहत्तर साली काका सोरोटी सोडत होते, त्या साली माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि रात्री तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी खात होती. आमच्या गावात हापसा आला तो त्यानंतर. लहानपणी मी त्याच्या दांड्याला लोंबकळून पाणी काढलंय, पाय हवेत.

हे मी सभेत सांगितलं. अध्यक्षाबाईंनी शांतपणे विचारलं, "मग तुमच्याकडे पाइप खराब होत नाहीत का?"

रात्री लॉजच्या अंगणात डास मारत काकांना फोन लावला. नियमच आहे: देणगी ज्या कामासाठी दिली त्याच कामाला वापरायची. काम बदलायचं तर देणाऱ्याची परवानगी हवी. मी पाइप, आम्ल, गंज सगळं सांगितलं. एका नव्या बोअरच्या पैशांत असे चार-पाच हापसे उभे राहतील हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं लाइन गेली.

"दुकान सापडलं?" काकांनी विचारलं.

"सापडलं."

"वरचं साल दिसतंय?"

"दिसतंय, थोडं."

"करा मग. पाइप करा."

स्टेनलेस स्टीलचे पाइप कंपालाहून यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी आटाप खाल्लं, म्हणजे नाचणी आणि कसाव्याच्या पिठाची घट्ट उकड, शेंगदाण्याच्या वाटणाबरोबर. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतलीच, तेव्हा ‘आमच्यासारखंच खातात’ हे माझं कौतुक उलट्या दिशेने जात होतं. बायकांचा बचत गट बसला होता तोही पाहिला. लोखंडी पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरी. १९९१ साली नायजर देशात ही पद्धत सुरू झाली आणि आफ्रिकाभर पसरली. हापशाचे पैसे इथून पुढे याच पेटीत ठेवायचे, गटात व्याजाने फिरवायचे, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. आमचा सल्ला कुणी विचारला नाही, मीही दिला नाही.

पाइप काढायचा दिवस मात्र बघण्यासारखा होता. तिवई उभी केली, मिस्त्रीने डोकं उतरवलं, आणि तीन-तीन मीटरचा एकेक तुकडा वर ओढायला सुरुवात झाली. पाच पुरुष, तीन बायका, दर तुकड्याला पकड लावायची, फिरवून सोडवायचा, पुढचा. निसटला तर सगळा डोलारा बोअरच्या तळाशी, आणि मग खरंच नवं भोक. सातवा तुकडा आला तेव्हा त्याला इतकी भोकं होती की एका पोराने तो तोंडाला लावून बासरी वाजवायचा प्रयत्न केला. चौदावा शेवटचा. सिलिंडर उघडून मिस्त्रीने आतला वायसर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कडा झिजून पापडाइतक्या पातळ झालेल्या.

नवे पाइप बसायला संध्याकाळ झाली. मग दांडा. लोक मोजत होते, मी पंचवीसपर्यंत मोजलं आणि हरवले. आधी खरखर, मग थुंकल्यासारखं गढूळ, मग धार. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. रांग लागली, आणि कुणाचा जेरीकॅन आधी यावरून दोघींचं भांडण सुरू झालं.

निघण्याआधी मी अध्यक्षाबाईंना पाटी दाखवली. त्यांनी ती हातात तोलली, बोटाने वाजवली. पितळ चांगलं आहे म्हणाल्या. इथे लावली तर आठवडाभरही राहणार नाही, भंगारवाले नट-बोल्टसुद्धा सोडत नाहीत. काकांच्या आईचं नाव मात्र त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं आणि समितीच्या वहीत, पाइपांच्या नोंदीशेजारी, लिहिलं. ‘एयालामा नोई,’ फार आभार, असं त्याखाली.

पाटी परत साड्यांच्या घडीत. या वेळी कुणी बॅग उघडली नाही.

लेस्टरला आल्यावर रविवारी काकांकडे गेले. दुकानाचा फोटो, वहीच्या पानाचा फोटो, पाटी, आणि कागदात गुंडाळलेला तो जुना वायसर. फोटो त्यांनी चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून पाहिले. मग वायसर उचलला आणि अंगठ्याने त्याची कड चाचपली.

"बेन, नवा किती टिकेल?"

"नीट वापरला तर दोनेक वर्षं."

"मग दोन वर्षांनी या," काका म्हणाले. "आणि पावतीपुस्तक घेऊन या. ते ऑनलाइन मला जमत नाही."