व्हँकूवरची सुशी आणि हर्णैची आई

आई जुलैमध्ये तीन महिन्यांसाठी इकडे कॅनडात, व्हँकूवरला आली तेव्हाच मी ठरवलं होतं की तिला एकदा तरी चांगल्या सुशीच्या ठिकाणी न्यायचं, सुशी म्हणजे आंबटसर भाताबरोबर बहुधा कच्चा मासा असा जपानी पदार्थ. दापोलीला मावशीला हे कळल्यावर तिचा लगेच व्हॉइस मेसेज, "अगं तिला कच्चे मासे काय खायला घालतेस, या वयात पोट बिघडलं म्हणजे?" मावशीची काळजी खरी आहे, आणि तिच्यासारखीच शंका गावाकडच्या बऱ्याच जणांना असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आई कोण ते सांगायला हवं. ती हर्णैची. संध्याकाळी बंदरावर होड्या लागल्या की वाळूतच माशांचा लिलाव होतो, तिथे ती लहानपणापासून आजीबरोबर जायची, त्यामुळे मासा ताजा आहे का हे ती चार पावलांवरून सांगते. इथे आल्यावर पहिल्या शनिवारी आम्ही तिला स्टीव्हस्टनला नेलं, म्हणजे व्हँकूवरच्या दक्षिणेला रिचमंडमध्ये फ्रेझर नदी समुद्राला मिळते तिथलं जुनं कोळ्यांचं गाव. तिथल्या धक्क्यावर बोटी लागतात आणि बोटीवरूनच मासे विकतात. आईने सॉकाय जातीचा सॅमन मासा हातात घेतला, कल्ले उघडून बघितले, डोळा बघितला, पोटाला अंगठा दाबला, आणि मला म्हणाली, "हा कालचाच आहे, घे." बोटीवरच्या बाईला मराठी एक शब्द कळत नव्हता पण ती हसली, कारण हा अंगठा तिला ओळखीचा होता.

स्टीव्हस्टनला मासे डबाबंद करायचा जुना कारखाना आहे, आता तिथे म्युझियम केलंय. ते बघताना मी आईला इथल्या जपानी कोळ्यांबद्दल सांगितलं. जपानच्या वाकायामा भागातलं मिओ नावाचं गाव, तिथली माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इकडे सॅमन धरायला येत राहिली आणि स्टीव्हस्टनमध्ये राहिली. व्हँकूवर शहरात पॉवेल स्ट्रीटवर त्यांची दुकानं, शाळा, बेसबॉलची टीम, सगळं उभं राहिलं. मग डिसेंबर १९४१ मध्ये जपानशी युद्ध सुरू झालं आणि कॅनडा सरकारने त्यांच्या सुमारे बाराशे होड्या जप्त केल्या. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या जवळजवळ बावीस हजार लोकांना किनाऱ्यावरून उठवलं, त्यातले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते, काही जणांना तर आधी हेस्टिंग्ज पार्कमध्ये गुरांच्या गोठ्यांत ठेवलं आणि मग आत डोंगरातल्या छावण्यांमध्ये पाठवलं. घरं, होड्या, दुकानं सरकारने विकून टाकली. युद्ध संपलं १९४५ ला, पण किनाऱ्यावर परत यायची परवानगी मिळाली १ एप्रिल १९४९ ला. माफी मागितली १९८८ मध्ये.

आई सगळं ऐकून घेत होती, तिने एकच विचारलं, "होड्या नेल्या, मग त्यांनी खाल्लं काय?" होडी गेली म्हणजे काय गेलं हे हर्णैच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं सुशीच्या पोस्टमध्ये कशाला, असं वाटेल. पण व्हँकूवरमध्ये आज सुशी ही आपल्याकडे वडापाव गल्लोगल्ली मिळतो तशी मिळते, सुपरमार्केटमध्ये, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, पेट्रोल पंपाच्या शेजारी, आणि खाणाऱ्यांपैकी कितीजणांना पॉवेल स्ट्रीट माहीत असतो? मला स्वतःला इथे चार वर्षं काढल्यावर कळलं. तेव्हापासून मला ही इथली मिश्र सुशी, जिला फ्यूजन म्हणतात आणि जिला पुष्कळ लोक 'खरी नाही' म्हणून नाकं मुरडतात, ती फार आपली वाटते. घर सोडून आलेल्या माणसाने हाताशी जे मिळालं त्याच्यावर आपल्या आईचा हात चालवला, ते हे जेवण.

इथल्या सुशीची गोष्ट सांगायची तर हिदेकाझू तोजो या शेफचं नाव घ्यावंच लागतं. जपानमधल्या ओसाकात शिकून ते १९७१ मध्ये व्हँकूवरला आले. तेव्हा इथल्या गोऱ्या लोकांना कच्चा मासा नको होता आणि समुद्री शेवाळाचा काळा कागद, म्हणजे नोरी, ती तर दिसलीसुद्धा नको होती. एरवी रोल म्हणजे नोरीत भात आणि मासा गुंडाळून केलेली वळकटी, तर त्यांनी तो उलटा केला, भात बाहेर आणि नोरी आत, आणि आत शिजवलेला खेकडा आणि अ‍ॅव्होकाडो. कॅलिफोर्निया रोल तो हाच असं ते सांगतात, लॉस एंजेलिसवाले म्हणतात आमच्याकडे साठच्या दशकातच झाला, तो वाद काही मिटलेला नाही आणि मिटायची गरजही नाही. मला जास्त आवडते ती त्यांच्या बीसी रोलची गोष्ट, बीसी म्हणजे ब्रिटिश कोलंबिया, आमचा प्रांत. जपानमध्ये सुशीत वाम वापरतात, भाजलेली, तशी वाम इथे मिळेना. मग त्यांनी १९७४ च्या सुमारास सॅमनची कातडी, जी लोक फेकून देत होते, ती खरपूस भाजून काकडीबरोबर रोलमध्ये घातली. आज हा रोल ब्रिटिश कोलंबियात प्रत्येक मेन्यूवर असतो. आणि २०१६ मध्ये जपान सरकारनेच तोजोंना जपानी जेवणाचे सदिच्छा दूत नेमलं, म्हणजे ज्यांचं जेवण त्यांनीच हे आपलं म्हटलं.

आता आमच्या संध्याकाळबद्दल. डाउनटाउनमध्ये पाण्यापासून जवळ एक छोटंसं रेस्टॉरंट आहे, दहाबारा टेबलं आणि समोर लांब लाकडी काउंटर. मी मुद्दाम काउंटरच्या जागा बुक केल्या कारण आईला हात चालताना बघायचे असतात, ती हॉटेलात गेली की जेवणापेक्षा किचनच्या दाराकडे जास्त बघते. काउंटरमागे साठीचे एक शेफ होते, ओसाकाकडचे. नवरा शाकाहारी, पुण्याचा, त्याची पण सोय होते म्हणून हे ठिकाण आवडतं.

भात बघूनच आई खूश झाली. लाकडाचं मोठं पसरट पिंप, त्यात गरम भात, त्यावर व्हिनेगर, साखर आणि मीठ, आणि मग लाकडी उलथन्याने तो आडवा आडवा कापत मोकळा करायचा आणि वारा घालायचा. आई म्हणाली, "आपण परातीत मसालेभात गार करतो तसंच की." फरक एवढाच की आपल्याला शीत न शीत सुटं लागतं आणि त्यांना चिकट लागतं, तेही दाबून लगदा होणार नाही इतपतच. शेफनी मला सांगितलं की सुशीत मासा नाही, भात आधी शिकवतात. सुशी शब्दाचा मूळ अर्थच आंबट. फार पूर्वी मासा टिकवायला मिठात खारवून भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचे, भात आंबायचा आणि तो टाकून नुसता मासा खायचे. पुढे भात पण खायला लागले, आंबवायला वेळ नको म्हणून व्हिनेगर आलं, आणि १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हातावर दाबून झटपट द्यायची निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, रुळली. हे मी आईला सांगत असताना ती मान हलवत होती. खारवलेला मासा मडक्यात थरांवर थर लावून ठेवणारी तिची आजी, तिला यात नवीन काय वाटणार.

मावशी, आता तुझा कच्च्या माशाचा प्रश्न. सुशीतला कच्चा मासा म्हणजे बाजारातून आणला आणि कापला असा नसतो. रानटी, म्हणजे न पाळलेल्या सॅमनमध्ये जंत असू शकतात, म्हणून तो आधी अतिथंड करून ठेवावा लागतो, उणे वीस डिग्रीला सात दिवस किंवा उणे पस्तीसला गोठवून पंधरा तास, त्यात ते मरतात. जपानी लोक स्वतः पूर्वी सॅमन कच्चा खातच नव्हते, भाजून नाहीतर खारवूनच खायचे. ऐंशीच्या दशकात नॉर्वेवाल्यांनी त्यांचा पाळलेला सॅमन जपानला विकायला जोर लावला, तेव्हा कुठे सॅमनची सुशी तिकडे रुळली. आज जगात जी सुशी म्हटल्यावर डोळ्यासमोर येते ती केशरी, ती खरंतर एवढी अलीकडची आहे. म्हणजे 'अस्सल' आणि 'भेसळ' यातली रेघ कुठे ओढायची सांगा.

आणि आईसाठी मी पहिलं काय मागवलं तर अबुरी. अबुरी म्हणजे वरून आच दिलेली सुशी. जपानमध्ये ही पद्धत आहेच, पण व्हँकूवरमध्ये २००८ मध्ये मिकू नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं आणि तिथून ही शहरभर पसरली, आता इथली ओळखच झालीये. आमच्या शेफनी लाकडाचा चौकोनी साचा घेतला, त्यात भात, वर सॉकायचे पातळ काप, झाकण ठेवून दोन्ही हातांनी दाबलं, साचा काढला, आणि सुरी ओल्या फडक्याला पुसत पुसत वड्या पाडल्या. प्रत्येक वडीनंतर सुरी पुसायची, एकदाही चुकले नाहीत. वर अंड्याचा फिकट पिवळा सॉस, त्यावर हालापेन्यो मिरचीची एकेक चकती, आणि मग हातात गॅसची ज्योत घेतली आणि ज्योतीच्या आणि माशाच्या मध्ये जळता कोळसा धरला, म्हणजे गॅसचा वास न लागता कोळशाचा लागतो. सॉस फुगला, डाग पडले, आणि सॅमनची चरबी जी सुटली त्याचा वास आला. आईने डोळे मिटले. "चुलीत सुका बांगडा टाकला की असा वास येतो," म्हणाली. चॉपस्टिक बाजूला ठेवून तिने हातानेच उचललं, मी काही बोलायच्या आत शेफच म्हणाले की हातानेच खायचं, टोकियोतही बरेच जण हाताने खातात.

सुशीबरोबर देतात त्या झणझणीत हिरव्या वसाबीचं तिला सांगायला विसरले. तिने हिरवी चटणी समजून बोटभर घेतली आणि नाकातून डोक्यात गेली, डोळ्यांत पाणी, मी घाबरले, पण पाणी पिऊन ती म्हणाली, "फेसलेली मोहरी आहे ही." आणि खरंच, बहुतेक ठिकाणी जी वसाबी देतात ती हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ आणि मोहरी मिळून केलेली, हिरवा रंग घातलेली असते, अस्सल वसाबी फार महाग. जिभेने एका घासात ओळखलं तिने.

शाकाहारी लोकांसाठी एक महत्त्वाचं. काकडीचा रोल, अ‍ॅव्होकाडोचा रोल, गोड टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी, आणि इथे सगळीकडे मिळणारा रताळ्याच्या भज्यांचा रोल, ज्याला याम रोल म्हणतात, हे सगळं मस्त मिळतं. पण मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, विचारल्याशिवाय पिऊ नका. त्याचं पाणी, दाशी, हे बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसाचं असतं. नवऱ्याला आमच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी नुसतं 'व्हेज' म्हणून तेच सूप दिलं होतं आणि अर्धा वाडगा संपल्यावर कळलं. त्याला किती वाईट वाटलं ते मी पाहिलंय, दोन दिवस त्याला नीट जेवण गेलं नाही. तेव्हापासून आम्ही "दाशी कशाची?" असं स्पष्ट विचारतो. या शेफनी त्याला कोम्बू शेवाळाच्या दाशीचं सूप वेगळं करून दिलं.

शेवटी मी बीसी रोल मागवला. शेफनी सॅमनची कातडी भाजायला टाकली आणि ती तडतडायला लागली तशी आई खुर्चीतून पुढे वाकली. कातडीच्या कडा वळल्या, खवल्यांची नक्षी दिसत होती, त्यांनी ती बारीक कापली, काकडीबरोबर गुंडाळली, वरून गोडसर काळा सॉस. आईने एक तुकडा खाल्ला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे तुकड्या पुरुषांच्या ताटात जायच्या. डोकं, शेपूट, कातडं आम्हा बायकांना. आई ते तव्यावर असं कुरकुरीत करून द्यायची की आम्ही भांडायचो त्याच्यावरून." हे तिने मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि शेफना इंग्लिशमध्ये सांगितलं ती काय म्हणाली ते. ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि अजून एक कातडी घेऊन आले, यावेळी भात नाही, काकडी नाही, नुसती भाजून, वर मीठ आणि लिंबू. ती बिलात लावली नव्हती.

तिघांचं बिल टिप धरून १६० कॅनेडियन डॉलर झालं, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. आईला आकडा सांगितला नाही. रोजचं जेवण नाहीच हे, कोपऱ्यावरच्या साध्या दुकानात पंधरा-वीस डॉलरमध्ये पोटभर सुशी मिळते.

पुढच्या शनिवारी आई स्वतःच म्हणाली स्टीव्हस्टनला चल. बोटीवरच्या बाईने मासा साफ करून कातडी वेगळी काढून टाकायला घेतली तर आईने हात पुढे केला आणि ती मागून घेतली. घरी आल्यावर तव्यावर थोडं खोबरेल, हळद-मीठ लावलेली कातडी, वर उलथनं दाबून धरलेलं, आणि उतरवायच्या आधी हर्णैहून बाटलीत आणलेल्या कोकमाच्या आगळाचा एक हात. उकड्या तांदळाची पेज होती बरोबर. लेक माझा नऊ वर्षांचा, माशाला कधी हात लावत नाही, तो ओट्यापाशी उभा राहून तव्यातूनच उचलून खात होता आणि आई त्याला "भाजेल, थांब" म्हणत दुसरी कातडी टाकत होती.